मधलीचे निरोप

शुक्रवारी सकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लागला, टीपॉय बाल्कनीत गेला आणि फरशीवर गोधडी पसरली, तेव्हाच घरातल्या मधल्या सुनेनं, म्हणजे मधलीनं, ठरवलं होतं की या वेळी विचारायचंच. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आता रविवारची दुपार व्हायला आली, चारी बाजूंनी टाके मधोमध येऊन ठेपले, आणि मधलीचा प्रश्न अजून घशातच होता.

प्रश्न तरी केवढा! 'आई, माझ्या लेकीच्या बाळालाही गोधडी मिळेल ना?' बस, एवढाच. पोस्टाच्या काउंटरवर पार्सलं तोलता तोलता तिनं तो महिनाभर घोटून पाठ केला होता. कधी 'आई' आधी घालून बघितलं, कधी शेवटी. एकदा तर पार्सल घेऊन आलेल्या एका गृहस्थांना ती 'वजन जास्त भरतंय' म्हणायच्या ऐवजी 'गोधडी मिळेल ना' म्हणून बसली. ते बिचारे म्हणाले, "बाई, आत चपला आहेत."

बाहेरच्या माणसाला वाटेल, एका पांघरुणाचं एवढं काय? पण या घराण्यात गोधडी म्हणजे पांघरूण नव्हतंच मुळी. बाळ जन्माला यायच्या आत ती तयार हवी, आणि तीही घरातल्या बायकांनी चार कोपऱ्यांना बसून, जुन्या कपड्यांची ठिगळं जोडून, हातानं शिवलेली. ज्याला गोधडी मिळाली तो घरातला. ज्याला नाही, तो कितीही फोटोंत उभा राहिला तरी पाहुणाच.

येत्या महिन्यात घरात दोन बाळं यायची होती. एक थोरलीच्या सुनेचं. त्याच्यासाठीच हा सगळा घाट घातला होता. दुसरं मधलीच्या मुलीचं. आणि ही मुलगी दोन वर्षांपूर्वी कोणाला न विचारता लग्न करून मोकळी झाली होती. केलं तेही एका बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्याशी. घरात त्याला 'पिपाणीवाला' याखेरीज दुसरं नाव कोणी दिलं नाही. सासूबाईंनी त्याच दिवशी, याच हॉलमध्ये, याच खुर्चीत बसून निकाल दिला होता: "सांग तिला, त्या घरात आपली गोधडी जाणार नाही." मधलीच्या नवऱ्यानं त्यावर काय म्हटलं? काही नाही. तो फ्रिज दुरुस्त करतो, आणि घरी आला की स्वतःच बंद पडतो.

"मधले," थोरली तिच्या कोपऱ्यातून म्हणाली, "सांग तिला, कात्री पुढे सरकव."

'ती' म्हणजे धाकटी. तिरक्या कोपऱ्यात बसलेली, कुजबुजली तरी थोरलीला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पण थोरली आणि धाकटी दीड वर्षापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींच्या मधला कोपरा मधलीचा होता, आणि ती नोकरीलाही पोस्टातच होती. त्यामुळे निरोप्याचं काम तिच्याकडे कोणी दिलं नाही, ते आपोआपच आलं. समोरच्या कोपऱ्यात नणंद होती, पण तिनं पहिल्याच दिवशी हात झटकले होते. "मी जन्मभर नर्स होते, पोस्टमन नव्हते," असं म्हणून ती जखम शिवावी तसा प्रत्येक टाका वेगळी गाठ मारून शिवत होती.

भांडणाचं कारण म्हणजे एक टीव्हीचं कव्हर. हसू नका. या घरात उघडं राहायचं ते फक्त माणसांचं तोंड. बाकी सगळ्याला कव्हर होतं. मिक्सरला होतं, रिमोटला होतं, नळाच्या तोटीलाही लोकरीची टोपी होती. थोरलीचा शिवणक्लास आहे. तिनं धाकटीच्या वाढदिवसाला स्वतः विणलेलं टीव्हीचं कव्हर दिलं. त्यावर दोन पोपट होते आणि कोपऱ्यात थोरलीचं नाव. धाकटीनं ते तोंडभर कौतुक करून घेतलं आणि शाळेच्या मदतीसाठी भरलेल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकलं. तिथून ते थोरलीच्याच क्लासमधल्या एका बाईनं हौसेनं विकत घेतलं आणि क्लासच्या निरोप समारंभात, रंगीत कागदात गुंडाळून, 'बाईंना आमच्यातर्फे छोटीशी भेट' म्हणून थोरलीला दिलं. थोरलीनं ते चाळीस बायकांसमोर उघडलं. त्यानंतर दोघींमध्ये शब्द नाही.

"सांगतेस ना?" थोरली म्हणाली.

"धाकटे, कात्री दे गं जरा," मधली म्हणाली.

"त्यांना म्हणावं, आधी 'कृपया' म्हणायला शिका. मग क्लास काढा."

"घ्या म्हणते, वहिनी," मधली म्हणाली आणि कात्री पुढे सरकवली.

अशी तिची पद्धत होती. निरोप घ्यायचा, त्यातलं विष काढायचं आणि मग पुढे द्यायचा. पोस्टात पार्सल फाटकं आलं तर ती स्वतःच्या सुतळीनं बांधून पाठवायची, तसंच हेही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून या घरात जे काही इकडचं तिकडे बरं बोललं गेलं, त्यातलं निम्मं मधलीनं रचलेलं होतं. कोणाला पत्ता नव्हता. सगळ्यांचा समज, आपलं घराणं फार गोड बोलणारं.

सासूबाई खिडकीशी खुर्चीत होत्या. डोळ्यांनी आता त्यांना अंधुक दिसायचं, म्हणून त्या शिवायला बसत नसत. ठिगळं हाताला लावून कापड ओळखायच्या आणि कुठलं कुठे ते सांगायच्या. थोरले भाऊजी दारात उभे होते. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण शाळा सुटली तरी भाषण सुटलं नव्हतं.

"हस्तकला," ते म्हणाले, "हा कुटुंबाचा कणा आहे. आजकाल लोक दुकानातून..."

"तुम्ही सुईत दोरा ओवून देता का?" नणंद म्हणाली.

भाऊजींना एकदम फोन आल्यासारखं झालं आणि ते आत गेले.

मधलीनं दीर्घ श्वास घेतला. आता बोलावं. सासूबाई शांत आहेत, खोलीत वारा आहे. "आई," ती म्हणाली, "मला एक विचारायचंय..."

"मधले!" थोरलीचा आवाज आला. "सांग तिला, टाके किती सैल घालतेस! वरचं कापड सगळं मध्ये सरकायला लागलंय. हातात जीव नाही का म्हणावं!"

मधलीचा प्रश्न गेला परत आत. ती धाकटीकडे वळली. "मोठ्या वहिनी म्हणतात, सावकाश होऊ दे, घाई नाही."

धाकटीला बरं वाटलं. ती ट्रॅव्हल एजन्सीत होती आणि तिचं लक्ष तसंही अर्धं मोबाइलमध्ये होतं. तिनं हात आणखी सैल सोडला. "त्यांना म्हणावं, तुम्ही दोरा आवळून आवळून कापडाचा गळा दाबताय. जरा ढिलं सोडा, शिक्षा नाही द्यायची त्याला."

"धाकटी म्हणते, तुमच्या हाताला किती ताकद आहे अजून!"

"असायचीच," थोरली म्हणाली, आणि खूश होऊन तिनं दोरा आणखी आवळला.

असं शुक्रवारपासून चाललं होतं. या गोधडीची रीत अशी की चौघींनी चार कडांपासून आत आत शिवत यायचं आणि मध्यावर भेटायचं. त्यासाठी चौघींचा हात सारखा हवा. म्हणून पूर्वी सासूबाई आणि त्यांच्या जावा शिवायला बसल्या की खोलीभर नुसती ओरड असायची: 'ओढ गं', 'सोड गं', 'माझ्याकडे कापड येतंय'. आता घरात कशी छान शांतता होती. मधली जेवढी गोड बोलत होती, तेवढी गोधडी बिघडत होती, आणि बिचारीला वाटत होतं की आपण पुण्य करतोय.

बारा वाजता सासूबाई उठल्या. काठी टेकत गोधडीवर आल्या, खाली बसल्या आणि कडेपासून हात फिरवत मध्यावर पोचल्या. तिथे हात थांबला, वर चढला आणि पलीकडे उतरला.

"खाली उशी राहिलीये का कुणाची?" त्यांनी विचारलं.

थोरलीनं आपल्या मांडीखाली चाचपून बघितलं.

"का मांजर आहे?"

मांजर नव्हतं. चौघींनी वाकून बघितलं आणि चौघींचे चेहरे उतरले. बरोबर मध्यावर कापड फुगून गोळा झालं होतं, हातभर लांब आणि वीतभर उंच. दाबलं की एका बाजूला बसायचं आणि दुसऱ्या बाजूला वर यायचं. नणंदेनं ते दोन बोटांनी तपासलं. "सूज आहे," ती म्हणाली. "कापल्याशिवाय उतरायची नाही."

"उसवायला लागेल," सासूबाई म्हणाल्या. "कुणी उसवायचं?"

इथेच खरी मेख होती. या घरात जी उसवते तिची चूक, हा अलिखित कायदा. उसवण्यापेक्षा मान कापून देणं बरं, अशी एकेकीची तयारी.

"मी का उसवू?" थोरली उसळली. "माझे टाके मोजून बघा, एक इकडचा तिकडे नाही. मी शुक्रवारपासून निरोप पाठवतेय की सैल घालू नकोस म्हणून!"

"मला?" धाकटी म्हणाली. "मला तर सावकाश होऊ दे असा निरोप आला! तेव्हाच मला शंका आली, म्हटलं, मोठ्या वहिनी आणि एवढ्या चांगल्या?"

"मी? सावकाश? मी म्हटलं, हातात जीव नाही का!"

"आणि मी म्हटलं होतं, कापडाचा गळा दाबू नका!"

"मला सांगितलं, हाताला ताकद आहे म्हणते!"

दोघी थांबल्या. दीड वर्षात पहिल्यांदाच एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलत होत्या. मग दोघींनी एकदमच मान वळवली.

"बघितलंस?" थोरली धाकटीला म्हणाली.

"बघितलं ना वहिनी! आणि आपण हिला साधी समजत होतो."

"साधी कसली, आतल्या गाठीची आहे."

दोघींचं सूत इतक्या झटपट जमलं की नणंदेनं चष्मा काढून पुसला. मधली आपल्या कोपऱ्यात सुई हातात धरून बसली होती. ज्यांच्यासाठी आपण दीड वर्ष ढाल धरली, त्या दोघी आता ढालीलाच बडवायला निघाल्या होत्या. तिला रडू यायला हवं होतं. आला मात्र संताप, आणि तोही असा की तिचा तिलाच नवा वाटला.

"मधले," सासूबाई म्हणाल्या, "निरोप बदललास?"

"हो."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला खरे हवे होते का?" मधलीनं सुई गोधडीत खोचून ठेवली. "मग घ्या. सगळे आहेत माझ्याकडे, एकही हरवलेला नाही. धाकटे, वहिनी म्हणाल्या होत्या, तुला एजन्सीत ठेवलंय ते तुझ्या बडबडीला कंटाळून लोक गाव सोडतात म्हणून. मी तुला सांगितलं, धंद्याला तुझा उपयोग होतो. वहिनी, धाकटी म्हणाली होती, तुमच्या क्लासला बायका फक्त पंख्याखाली बसायला येतात. मी म्हटलं, क्लास हवेशीर आहे असं म्हणते. आणि त्या पोपटांना ती पोपट म्हणत नव्हती. वांगी म्हणत होती."

"वांगी?" थोरली म्हणाली.

"चोची असलेली. वन्सं, तुमच्या गाठींबद्दल दोघींचं एकमत आहे. असे टाके पडल्यावर पेशंट घरी गेला असेल तर तो त्याच्या पायांनी गेला, तुमच्या गुणांनी नाही."

नणंद चष्मा पुसत होती ती तशीच थांबली. आतून भाऊजी दारात आले. मधलीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते म्हणाले, "मला नको सांगूस," आणि पुन्हा आत गेले.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. एक माझा स्वतःचा आहे. तो आजपर्यंत कोणी विचारला नाही." आता मधलीला थांबता येत नव्हतं. "आई, माझ्या लेकीलाही पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. तिच्या बाळाला गोधडी हवी."

थोरलीनं गोधडीची आपली बाजू हलकेच जवळ ओढली.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्या घरात आपली गोधडी जाणार नाही. तिला सांग म्हटलं होतं तुला."

"सांगितलं नाही मी."

"काय?"

"तो निरोपही नाही पोचवला." मधलीचे डोळे भरून आले होते. "नव्या घरात दोन पातेली मांडून बसलेली माझी पोर. तिला मी हे सांगू? मी म्हटलं, आजी रागावलीये, पण म्हणाली की बाळ यायच्या आत गोधडी पाठवीन."

"मी म्हणाले असं?"

"हो."

"दोन वर्षं तिला हे खरं वाटतंय?"

"खरंच वाटतंय. म्हणून तर दर रविवारी फोनवर आधी तुमचे गुडघे विचारते, मग माझी तब्येत. परवा म्हणाली, पाळण्यात घालायला गादी घेतलीच नाही, आजीची गोधडी यायचीय ना. नवऱ्यालाही सांगून ठेवलंय तिनं. तो तालमीला येणाऱ्या सगळ्यांना सांगत सुटलाय." मधलीनं पदरानं नाक पुसलं. "आता तुम्ही म्हणाल तर सांगते तिला, आई खोटं बोलली म्हणून. पण मग ते मी नाही बदलणार. जसंच्या तसं सांगेन."

सासूबाईंचा हात त्या फुगवट्यावरच होता. या बाईनं आयुष्यात कुणाला माफ केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मात्र एका गोष्टीबद्दल त्यांची ख्याती होती, आणि ती त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवत असत: एकदा तोंडातून गेलेला शब्द त्यांनी कधी मागे घेतला नाही. आता त्यांच्या नावावर दोन शब्द होते. एक त्यांनी दिलेला आणि एक त्यांच्या नावानं दिला गेलेला. पहिला कुणाला पोचलाच नव्हता. दुसऱ्याची कुणीतरी गादी न घेता वाट बघत होतं.

"बाळ यायच्या आत, असं म्हणाले मी?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"म्हणाले असेन तर म्हणाले असेन. कात्री दे."

"आई!" थोरली किंचाळली. "अहो, ही माझ्या नातवाची आहे!"

"नातू आहे की नात, बघितलंस का तू? आणि बाळ केवढं असतं? पलंगभर गोधडी देतो आपण आणि ते पोर तिच्यात सापडत नाही." सासूबाईंनी फुगवट्याच्या मध्यावर बोट टेकवलं, दिशा चाचपली आणि कात्री घातली. कापडाच्या चार थरांतून पाती करकरत गेली. थोरलीनं डोळे मिटले. धाकटीनं न राहवून तिचा हात धरला आणि थोरलीनं तो सोडवून घेतला नाही. नणंद पुढे सरकली आणि कापताना मागून दोन्ही कडा ताणून धरल्या, सवयीनं.

सूज उतरली. मध्यावर कोंडलेलं कापड दोन्हीकडे सैल पडलं आणि एका गोधडीच्या दोन झाल्या. दोन्ही वाकड्या. एक घट्ट टाक्यांची, एक सैल टाक्यांची.

लगेच भांडण सुरू झालं. थोरलीला मोठी वाटत होती ती हवी होती, पण तिच्यात धाकटीचे टाके होते. आपल्या टाक्यांची घ्यावी तर ती बोटभर लहान. "मोजून घ्या," भाऊजी आतून म्हणाले. "तुम्ही गप्प बसा," थोरली आणि धाकटी एका सुरात म्हणाल्या. शेवटी थोरलीनं स्वतःच्या टाक्यांची उचलली आणि सैल बाजूची मधलीच्या मांडीवर आली. धाकटीनं मोबाइलवर तिचा फोटो काढला, मग जरा ओशाळून म्हणाली, "मधल्या वहिनी, हिची उघडी कड मी शिवून देते. आवळून शिवते."

"दे," मधली म्हणाली.

"मधले," सासूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या, "सांग तिला..."

"मी नाही सांगणार, आई."

"काय?"

"आता मी कुणाचाच निरोप घेत नाही. माझ्याच्यानं होत नाही." तिनं मोबाइल काढला, मुलीचा नंबर लावला आणि तो सासूबाईंच्या हातात दिला. "तुम्हीच बोला."

फोन वाजत होता. सासूबाईंनी तो कानापासून लांब धरला होता, चटका बसेल असा. पलीकडून आवाज आला, "हं, बोल गं आई."

सासूबाईंनी थोरलीकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं, मधलीपुढे फोन केला. मधलीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आई?" पलीकडून पुन्हा आवाज आला. "अगं, काय झालं? आजी बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीये?" सासूबाई ओरडल्या. पलीकडून 'आजी?' असं हळूच आलं. सासूबाईंनी घसा खाकरला. मग बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठमोठ्यानं बोलायला लागल्या, जणू सगळ्या इमारतीला कळायला हवं होतं.

"ऐक. गोधडी झालीये तुझी. वाकडी झालीये, चालवून घे. रडू नकोस आता, मला ऐकू येतंय. पुढच्या रविवारी न्यायला ये. आणि अशा अवस्थेत एकटी येऊ नकोस. नातजावयाला घेऊन ये."